कलम रुजू होत नाही

५ मे

अहो ऐकलंत का?

नसणारच ऐकलं, म्हणून तर लिहायला बसले. काल गेस्टहाउसच्या फोनवरून मी ओरडून सांगतेय, "पोचलो, पोचलो," आणि तुम्ही तिकडून विचारताय, "काय बोचलं?" काउंटरवरच्या माणसाने हसू लपवायला वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. तेव्हाच ठरवलं, आता पेन आणि कागद. ज्या माणसाने जन्मभर टेलिफोनच्या तारा ओढल्या, त्याच्याशी बोलायला मला टपाल लागावं! कानातलं यंत्र कपाटात शोभेला ठेवलंय का?

तर, पोचलो. डोंगराच्या पायथ्याचं छोटं गाव आहे. खोली स्वच्छ, चादरी पांढऱ्या, नळाला पाणी इतकं गार की दात घासताना हिरड्या बधिर होतात. गाडी सगळी तुमच्या लेकीने चालवली. निघतानाच ठकीने मला तंबी दिली, "आई, तू सुट्टीवर आहेस. माझी परीक्षा घ्यायला आलेली नाहीस." बरं बाई, म्हटलं, नाही बोलत. आणि नाहीच बोलले. पण पायाला कोण समजावणार? इतकी वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतेय, शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. आपल्या गाडीत त्या जागी नुसतं पायपुसणं आहे. ते मी इथे पोचेपर्यंत दाबून दाबून फाडलं. ठकी म्हणाली, "आई, पायपुसणं थांबलं, गाडी चालू आहे."

रस्ता मात्र फार सुरेख. शहर मागे पडलं, गोदामं संपली, आणि डोंगर दिसायला लागले. आधी आभाळात मिसळलेले निळे, मग हिरवे, मग एकदम अंगावरच. कडेला रानफुलं अशी माजली आहेत की मला आपल्या झिनियांची लाजच वाटली. इतकं खतपाणी करून त्या नखरे करतात आणि ही बया खडीत उगवून हसतेय!

आता बागेचं. गुलाबाचं कलम नवीन आहे, त्याला सावलीतच ठेवा. झिनियांना सकाळी पाणी, संध्याकाळी नको. लिलीला चेंडूएवढी लाल फुलं येतील, ती तोडून शेजारी वाटू नका. आणि बोगनवेलीला मी ताण दिलाय. तो ताण अजिबात सुटू देऊ नका, मी येईपर्यंत तिने फुलायला हवं.

आणि मला एक सांगा, हा सगळा घाट घातला कुणी? रस्त्यावरचा नव्हे, घरातला. मला सुट्टी लागली काय, तुमचा गुडघा नेमका त्याच दिवशी धरला काय, आणि ठकीने दोघींच्याच खोल्या आधीच सांगून ठेवल्या काय. मी मुलांना आरशात बघायला शिकवते हो. मागून काय येतंय ते मला कळतं.

गुडघ्याला शेक घ्या.

तुमची,
सुट्टीवरची बाई


९ मे

अगं,

यंत्र कपाटात नाही, शिवणाच्या डब्यात आहे. ते कानात घातलं की समोरच्या टेलरबाईंचं मशीन थेट माझ्या डोक्यात टाके घालतं. त्यापेक्षा तुझं पत्र बरं. तुझं बोलणं वाचायला फार सोयीचं पडतं, मध्येच थांबून चहा करून येता येतो.

बाग उत्तम आहे. लिलीची दोन फुलं आली, तिसरं डोकं वर काढतंय. एकही वाटलेलं नाही. टेलरबाईंनी एक मागितलं, तर मी ऐकू न आल्यासारखं केलं. या बाबतीत माझ्यावर कुणी संशय घेत नाही.

आता बोगनवेल. तू ताण दिलाय म्हणालीस, पण मला एकही तार दिसली नाही. म्हटलं, दोरीचा दिला असेल, सुटला असेल. तुझ्या गाठी मला माहीत आहेत. मग मीच केलं नीट. जन्मभर खांबांना ताण देत आलो, एका वेलीचं काय घेऊन बसलीस! तीन बाजूंनी जाड तार ओढली. एक टोक खिडकीच्या ग्रिलला, एक पाण्याच्या टाकीच्या पायाला, आणि तिसऱ्यासाठी जमिनीत तिरकी खुंटी ठोकली. आता वादळ येऊ दे, घर हलेल पण तुझी बोगनवेल जागची हलणार नाही. खुंटीभोवतीची माती घट्ट बसावी म्हणून रोज दोन बादल्या पाणी ओततो. टेलरबाई येऊन बघून गेल्या. त्यांनी एका तारेवर दोन ब्लाऊज वाळत घातले, ते मी काढायला लावले.

घाटबिट मी काही घातलेला नाही. ठकीला डोंगर बघायचे होते, तुला सुट्टी होती, माझा गुडघा धरला. योगायोग म्हणतात तो हाच. आणि हे बघ, ठकी तुला काही सांगायला लागली तर मध्ये बोलू नकोस, पूर्ण ऐकून घे. म्हणजे मी आपलं सहज म्हणतोय. मुली काही ना काही सांगतच असतात.

पायपुसण्याचं वाईट वाटलं. नवीन होतं.

तुझा,
हंगामी माळी


१३ मे

अहो,

तुमच्या हातांना काय म्हणावं! अहो, बागेतला ताण म्हणजे तार नव्हे. ताण देणं म्हणजे पाणी तोडणं. वेलीला तहान लागू द्यायची, पानं मलूल होऊ द्यायची, म्हणजे ती घाबरून फुलांवर येते. तुम्ही तिला बांधून ठेवलंत आणि वर रोज दोन बादल्या पाजताय! आता ती पालेभाजीसारखी पानांनीच भरेल. ठकीला वाचून दाखवलं तर ती हसून हसून गादीवरून खाली घसरली. तारा काढा. पाणी बंद. आणि टेलरबाईंची माफी मागा, त्या ब्लाऊजनेच काय ती शोभा आली असेल.

आम्ही आता वर आलोय, तळ्याकाठच्या गावात. काल दिवसभर वळणं आणि वळणं. एक संपलं की दुसरं, आणि प्रत्येक वळणावर वाटतं आता पुढे रस्ताच नाही, नुसतं आभाळ. तसं बघितलं तर मी अर्ध्या शहराला गाडी शिकवली, पण असा घाट स्वतः कधी चालवला नाही. आमची मजल उड्डाणपुलापर्यंत. ठकी मात्र गाणी म्हणत चालवत होती. एका बोगद्यात शिरताना मी डोळे मिटले, बाहेर आलो तर समोर हे तळं. हिरवंगार, आणि वरच्या शिखरांवर या उन्हाळ्यातसुद्धा बर्फाच्या रेघा. मी म्हटलं, थांब. ती थांबली. आम्ही बॉनेटवर बसून बिस्किटं खाल्ली. खूप दिवसांनी ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली हो. मला बरं वाटलं आणि थोडी शंकाही आली.

आणि शंका खरी ठरली! कान देऊन वाचा. इथे आम्ही गाडीतून उतरतोय तोवर पिवळं हेल्मेट घातलेला एक तरुण पुढे आला आणि ठकीला म्हणाला, "आलात का! खोली बघून घ्या एकदा, आवडते का ते सांगा." ठकी लालबुंद. मला म्हणते, "ओळखीचे आहेत." ओळखीचे! आज नाश्त्याला तो आमच्याच टेबलावर. ऑम्लेट काट्याचमच्याने नीट खातो, बोलताना माझ्या डोळ्यात बघतो, नखं स्वच्छ. मी त्याचं नाव हेल्मेटराव ठेवलंय. ठकीने त्याच्यासमोर मला दोनदा चिमटा काढला, कारण मी विचारलं की इथे थंडीत एकट्याने राहणं जड जात असेल नाही?

आता सगळा उलगडा झाला. म्हणून खोल्या, म्हणून गुडघा. अहो, मला आधी सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं का कुणाला? मुलगा मला पसंत आहे. जरा लांब राहतो, पण नोकऱ्या बदलता येतात. आपल्या शहरात त्याला काहीतरी बघता येईल. ठकी कधी सांगते याची वाट बघतेय, मुद्दाम विचारत नाही. तुम्हाला काय काय माहीत आहे ते सगळं लिहा.

तुमची,
सासू होऊ घातलेली


१६ मे

अगं,

पोरगा वगैरे काही नाही. निदान मला माहीत असलेल्या गोष्टीत पोरगा नाही. तू त्या बिचाऱ्याला थंडीबद्दल काही विचारू नकोस, आणि घर, जागा, लग्न, मुहूर्त यातलं काहीही बोलू नकोस. ठकी काय ते सांगेल. मी तोंडात गुळणी धरून बसलोय.

तारा काढल्या. तू लिहिलेलं वाचून मी खाली बसून हसलो, मग बोगनवेलीसमोर जाऊन ओशाळलो. ती खरंच नुसत्या पानांची झालीय, एक फूल नाही. पाणी तोडलं. आता ती माझ्याकडे बघते आणि मी तिच्याकडे बघत नाही. बाकी सगळं फुललंय. जास्वंदीला रोज सकाळी मोजता येणार नाहीत एवढी फुलं. झिनिया केशरी, गुलाबी, आणि एक असा रंग आहे ज्याला मला नाव सापडलं नाही. टेलरबाई म्हणाल्या त्याला मरून म्हणतात. त्या हल्ली रोज येतात कुंपणाशी. काल हातवारे करून विचारत होत्या, रुजू कधी होणार? म्हणजे कलम. गुलाबाचं कलम कधी रुजू होणार असं विचारत होत्या. मी म्हटलं, एक तारखेला. म्हणजे अंदाजे. कलमांचं काही सांगता येत नाही.

इथे ऊन फार आहे. तिथली हवा घरी पाठवता आली तर बघ.

तुझा,
माळी


१९ मे

गुलाबाचं कलम रुजतं. रुजू होत नाही. रुजू माणसं होतात, नोकरीवर, आणि तीही एक तारखेला.

तुमचं पत्र मी तळ्याकाठच्या बाकावर वाचलं. ते एक वाक्य दोनदा वाचलं. मग ठकीला हाक मारली आणि कागद तिच्या हातात दिला. तिने वाचलं आणि म्हणाली, "बाबांना लपवायला सांगणं म्हणजे..." आणि कपाळाला हात लावला. मग सगळं सांगितलं.

हेल्मेटरावांना बायको आणि जुळी मुलं आहेत. ते बदली होऊन खाली चाललेत. त्यांची जागा, त्यांची खोली आणि त्यांचं ते पिवळं हेल्मेट तुमच्या लेकीला मिळणार आहे. इथून वर खिंडीपर्यंतचा रस्ता उघडा ठेवायचा. दरड पडली की हटवायची, कडा सुटतोय का बघायचं, कधी वाहनं थांबवायची आणि कधी सोडायची ते ठरवायचं. थंडीत रस्ता बर्फाखाली गेला की वरच राहायचं. ऑफिसात बसून गटारांचे नकाशे काढायचा तिला कंटाळा आलाय म्हणे. अहो, त्या कंपनीत एसी आहे, घरून डबा आहे, संध्याकाळी सहाच्या आत पोरगी दारात आहे!

मी विचारलं, "बाबांना कधी सांगितलंस?" तर म्हणाली, "तू शिकवायला गेली होतीस तेव्हा." आणि तुम्हाला ऐकू जाईना म्हणून तीन वेळा ओरडून सांगावं लागलं. म्हणजे टेलरबाईंना माहीत. वरच्या मजल्यावरच्या कंपाउंडरना माहीत. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यालाही माहीत असणार. आख्ख्या गल्लीत बहिरी मीच निघाले.

मी नाही म्हटलं. स्पष्ट. इथे येताना मी असल्याच कड्यावरून खडे घरंगळताना बघितलेत. मला वाटलं ती भांडेल. भांडायची तयारी केली होती मी. पण ती म्हणाली, "आई, तू नाही म्हणालीस तर मी नाही येणार इथे. मनात ठेवून नाही, खरंच नाही येणार. म्हणूनच तुला इथवर आणलं. तू बघून सांग."

आता सांगा. ती भांडली असती तर सोपं होतं.

आणि तुमचं मला कळलंय बरं का. तुम्ही तिला लगेच हो म्हणालात. का? तर पुढे मी आहेच नाही म्हणायला. लहानपणी सायकल मागितली तेव्हा हेच, होस्टेल म्हणाली तेव्हा हेच. तुम्ही प्रेमळ बाबा, आणि मी कजाग. आता तसं चालायचं नाही. ठकी म्हणत होती लगेच परत फिरू. मी म्हटलं, थांब, तुझ्या बाबांचं खरं म्हणणं काय ते लेखी येऊ दे. इथेच बसलेय. लिहा.


२२ मे

अगं,

तू लिहिलंस ते खरं आहे. मी हो म्हणालो तेव्हा मनात हेच होतं, की तू आहेस. एकदाही स्वतःला विचारलं नाही की मला काय वाटतं. तू गेल्यावर विचारलं. मलाही ती इथे हवी आहे. संध्याकाळी गेटची कडी वाजते ती मला ऐकू येत नाही, पण गेट उघडल्यावर सावली हलते ती दिसते. त्या वेळेला मी खुर्ची मुद्दाम तिकडे तोंड करून ठेवतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हणजे आपण दोघं नाही म्हणायला मोकळे आहोत. पण माझी एक अडचण आहे.

आपलं लग्न झालं त्या वर्षी मी नदीपलीकडच्या लाइनवर होतो. तू रोज रात्री झोपेत दचकायचीस, मी खांबावरून पडलो असं स्वप्न पडायचं तुला. नोकरी सोडा म्हणून माझ्या मागे लागली होतीस. आणि मग एक दिवस तू न सांगता तिथे आलीस. मी वर होतो. वरून बघितलं तर खाली तू, छत्री धरून उभी. हाक मारली नाहीस, हात केला नाहीस. तारा जोडून होईपर्यंत मान वर करून बघत राहिलीस. मी खाली उतरल्यावर म्हणालीस, "पट्टा नीट बांधता. बघितलं मी." बस्स. त्यानंतर तू कधी दचकली नाहीस. मी मात्र त्या दिवसापासून पट्टा दोनदा तपासायला लागलो.

तर बघून ये. तिचं काम काय असतं, तिथली माणसं कशी आहेत, ती तिथे कशी उभी राहते, हे बघ. तळ्याकाठच्या बाकावर बसून नाही म्हणू नकोस, त्या रस्त्यावर उभी राहून म्हण. तिथून तू नाही म्हणालीस, तर या वेळी मीसुद्धा नाही म्हणेन, ठकीच्या तोंडावर, मोठ्याने. आणि हो म्हणालीस, तर मी लपणार नाही. हे लेखी आहे.

टेलरबाईंना मी सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, आम्हाला कधीचं माहीत आहे.

तुझा


२६ मे

अहो,

तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही वर गेलो. हेल्मेटराव पुढे बसले, ठकी चालवत होती, आणि मी मागच्या सीटवर. स्वतःहून बसले. मागे पायाशी नुसतं माझं पोत्याएवढं पर्सचं बोचकं. आयुष्यात प्रथमच मी गाडीत बसून नुसतं खिडकीबाहेर बघितलं. सूचिपर्णी झाडं, मग झाडं संपली, मग नुसती हिरवळ आणि तिच्यावर बारीक पिवळी-जांभळी फुलं. आपल्याकडे असती तर मी प्रत्येकाला काठीचा आधार दिला असता.

खिंडीच्या अलीकडे एक मोठं वळण आहे. तिथे ठकीने गाडी हळू केली, काच खाली केली आणि कान दिला. मला काही ऐकू आलं नाही. तिने गाडी थांबवली, आरशात बघितलं आणि मागे घेतली, घाई न करता, वळणाच्या अलीकडे. मी विचारणार होते काय झालं, तेवढ्यात वरून दगड आले. आधी लहान, मग आपल्या पाण्याच्या टाकीएवढा एक. रस्त्यावर आपटला आणि खाली गेला. बराच वेळ खालून आवाज येत राहिला.

घाबरले मी. खोटं कशाला सांगू? मला पोरीला ओढून गाडीत बसवायचं होतं, पण ती केव्हाच उतरली होती. हेल्मेटरावांचं हेल्मेट मागून घेतलं, लाल पाटी रस्त्यात लावली, आणि मागून येणाऱ्या गाड्या अडवल्या. एक ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. ती त्याच्या खिडकीखाली गेली, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "काका, हॉर्न वाजवून डोंगर बाजूला होत नाही. इंजिन बंद करा, चहा प्या." अहो, तो माझा आवाज होता! सिग्नलला पोरांना मी असंच सुनावते. ट्रकवाल्याने मुकाट्याने इंजिन बंद केलं. मग तिने हेल्मेटरावांना विचारलं, मशीन कुठे आहे, किती वेळात येईल, वरचा कडा कोण बघतंय. ते सांगत होते आणि ती लिहून घेत नव्हती, डोंगराकडे बघत ऐकत होती. एकदाही मागे वळून आई बघते का हे बघितलं नाही.

मशीन आलं, रस्ता मोकळा झाला, तिने एकेक गाडी सोडली. तो ट्रकवाला जाताना तिला सलाम करून गेला. मग ती माझ्याकडे आली. चेहरा धुळीने माखलेला. हेल्मेट अजून डोक्यावरच.

मी म्हटलं, "खोली दाखव."

तिला कळायला क्षणभर लागला. मग ती मला बिलगली आणि हेल्मेटची कड माझ्या कपाळाला लागली. अजून टेंगूळ आहे.

खोली बरी आहे. लोखंडी पलंग, भिंतीतली शेकोटी, ओले कपडे टांगायला खुंट्या, खिडकीतून सगळा रस्ता दिसतो. खिडकीला पडदे नाहीत, मी माप घेतलंय, टेलरबाईंना सांगा जाड कापड लागेल. हेल्मेटरावांच्या बायकोने रिकाम्या डब्यांत लाल जिरेनियम लावलेत, ते ती ठकीसाठी ठेवून जातेय. पाणी कधी घालायचं ते मी दारामागे मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलं. भीती म्हणाल तर गेलेली नाही. ती मी घेऊनच येणार आहे घरी, तुम्हालाही निम्मी देईन.

आणि आता मुद्दा. एक तारीख तोंडावर आलीय. ठकी म्हणत होती, आई, तुला घरी सोडते आणि परत येते. मी म्हटलं, एवढ्याशा दिवसांत कशाला खाली-वर करतेस? राहा तू. मी गाडी घेऊन जाते. तिला वाटलं मी रागाने म्हणतेय. मग मी तिला शेजारी बसवून समोरचा घाट तळ्यापर्यंत उतरून दाखवला. दोन वळणांवर तिनेच डोळे मिटले!

तेव्हा मी एकटीच निघतेय. मधे पायथ्याच्या त्याच गेस्टहाउसमध्ये मुक्काम, तीस तारखेला दुपारी पोचेन, दुसऱ्या दिवशी घरी. तुम्ही काही काळजी करू नका आणि येण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. बसचा प्रवास लांबचा आहे आणि गुडघा खरा असो की खोटा, तो आता दुखायलाच लागला असेल. हे पत्र ऑफिसच्या गाडीने खाली पाठवतेय, लवकर मिळेल.

इथून निघताना मी रडणार नाही असं ठकीला कबूल केलंय. पहिल्या वळणापलीकडचं काही ठरलेलं नाही.

तुमची


३० मे

अगं,

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. काउंटरवरच्या माणसाजवळ देतोय, तू आलीस की तो तुझ्या हातात देईल. तोच, वर्तमानपत्रवाला. मी त्याला सांगितलं की ती "पोचले" म्हणेल, तेव्हा दे.

मागच्या अंगणात ये. भिंतीवर पांढरा वेलगुलाब आहे, त्याच्याखालच्या टेबलाशी मी बसलोय. बस लांबची होती आणि गुडघा आता खरोखरच दुखतोय, तेव्हा उठून समोर येता येणार नाही. बाग टेलरबाईंच्या ताब्यात दिली. एक लिली हातात ठेवली तेव्हा तयार झाल्या.

येऊ नका म्हणालीस ते वाचलं. पण तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी सवयीने खुर्ची गेटकडे वळवून बसलो. अंधार पडेपर्यंत बसलो आणि मग लक्षात आलं, की मी कुणाची वाट बघतोय. त्या घरात तू एकटीने शिरावंस आणि मी तिथे खुर्चीत बसलेलो असावं, हे मला नको वाटलं. आपण दोघं एकदम शिरू. दार तू उघड, मी मागे उभा राहतो.

उद्या गाडी तूच चालव. मी शेजारी गप्प बसेन, रस्ता बघेन.

इथल्या माणसाने आत्ता येऊन विचारलं, चहा किती आणू. मी म्हणालो, तीन. तो वळून निघाला, तेव्हा त्याला परत बोलावलं आणि दोन सांगितले. तेवढं एक वाक्य बोलताना माझा आवाज बसला, तर तो बिचारा म्हणाला, घाटातली हवा बाधते नवीन माणसाला.

ये लवकर. चहा आलाय, निवायला लागलाय.

तुझा